नळदुर्ग गहाण पडलं तेव्हा

२१ मे १८५३ रोजी आमचा जिल्हा गहाण पडला.

हे वाक्य मी मुद्दाम असं लिहितोय. इतिहासाच्या पुस्तकात त्याला ‘१८५३चा तह’ म्हणतात. इंग्रजी कागदांत ‘असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ म्हणजे ‘नेमून दिलेले जिल्हे’ असा सभ्य शब्द आहे. पण धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला त्या तहातली कलमं वाचून दाखवा, तो लगेच सांगेल की हे ताबेगहाण आहे. जमीन कागदावर तुमच्याच नावावर राहते, पण ताबा सावकाराचा. पीक तो काढणार, विकणार तो, आणि हिशेबही तोच लिहिणार. काही उरलंच तर तुम्हाला देणार.

त्या दिवशी सावकार होती ईस्ट इंडिया कंपनी, कर्जदार होता हैदराबादचा निजाम नासिरुद्दौला. गहाण पडलेल्या मुलखात वऱ्हाड होतं, रायचूरचा दुआब होता आणि नळदुर्ग-धाराशिवचा भाग होता. गंमत म्हणजे नावावरून आपल्याकडे इतकं रान पेटलं, पण त्या काळच्या इंग्रजी तहांत या भागाचं नाव ‘धाराशिव’च आहे, त्यांच्या उच्चाराप्रमाणे ‘धारासेव’.

हे कर्ज झालं कशापायी? निजामाने महाल बांधले म्हणून नाही. हे सगळं कर्ज ‘संरक्षणा’चं होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर दोन सरकारांमधल्या सुरक्षा सहकार्याचं बिल थकलं होतं.

खर्ड्याच्या पराभवापासून सुरुवात

शाळेत आम्हाला ‘तैनाती फौज’ दोन ओळींत शिकवली. वेलस्लीने आणली, संस्थानिक अडकले, प्रश्न दोन गुणांचा. पण संस्थानिक अडकले का, हे कोणी सांगितलं नाही. ते काही सगळे मूर्ख नव्हते.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मराठे आणि निजाम समोरासमोर आले. खर्डा आता अहिल्यानगर जिल्ह्यात असलं तरी आमच्या भूम-परांड्याच्या शेजारी आहे. निजाम अली खानाने लढाईआधी कंपनीकडे मदत मागितली होती. दोघांचं सख्य होतं, कंपनीच्या पलटणी निजामाच्या पगारावर हैदराबादेत होत्याही. पण गव्हर्नर जनरल सर जॉन शोअरने हात वर केले. मराठ्यांशीही आमचा तह आहे, आम्ही तटस्थ, असं उत्तर आलं. निजाम हरला, खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला आणि मोठी खंडणी व मुलूख कबूल करून सुटला.

मित्र ऐनवेळी आला नाही, तर माणूस दुसरा मित्र शोधतो. निजामाने रेमंड नावाच्या फ्रेंच सरदाराची फौज वाढवली. ती चौदा हजारांच्या आसपास गेली. आता घाबरायची पाळी इंग्रजांची होती, कारण युरोपात फ्रान्सशी त्यांचं युद्ध चालू होतं आणि म्हैसुरात टिपू फ्रेंचांशी संधान बांधत होता.

१ सप्टेंबर १७९८ला वेलस्लीने निजामाशी नवा तह केला. निजामाने फ्रेंच फौज मोडायची आणि कंपनीच्या सहा पलटणी ठेवायच्या. खर्च वर्षाला चोवीस लाख सतरा हजार शंभर रुपये. ऑक्टोबरात फ्रेंच फौज मोडलीसुद्धा. रेमंड त्याआधीच मार्चमध्ये वारला होता.

दोन वर्षांनी, १२ ऑक्टोबर १८०० रोजी, हा तह पक्का झाला. पलटणी वाढल्या. रोख पैसे दरवर्षी द्यायची कटकट नको म्हणून निजामाने टिपूकडून वाट्याला आलेला मुलूख, म्हणजे बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पा हा भाग, कायमचा कंपनीला देऊन टाकला. म्हणजे संरक्षणाची किंमत एकरकमी चुकती झाली. इथे हिशेब संपायला हवा होता.

बाराव्या कलमातली पळवाट

तो संपला नाही, याचं कारण त्याच तहाचं बारावं कलम. त्यात लिहिलं होतं की युद्ध झालं तर कंपनीच्या फौजेसोबत निजामाने आपले सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडेस्वार द्यायचे. युद्ध झालं तर.

मराठ्यांशी १८०३ मध्ये युद्ध झालं तेव्हा निजामाचे स्वार इंग्रजांना कामाचे वाटले नाहीत. मग हे सैन्य नीट शिकवलेलं असावं, त्यावर इंग्रज अधिकारी असावेत, पगार वेळेवर व्हावा असा आग्रह सुरू झाला. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल आणि निजामाच्या दरबारातले चंदूलाल या दोघांच्या काळात ही फौज उभी राहिली. तिला रसेल ब्रिगेड म्हणत. पुढे तिचं नाव झालं हैदराबाद कंटिन्जंट.

पेशवाई १८१८ मध्ये संपली. सोलापूर इंग्रजांकडे गेलं, तुळजापूर-नळदुर्ग निजामाकडे राहिलं. युद्ध थांबलं, पण फौज थांबली नाही. हिंगोली, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, बोलारम, एलिचपूर इथे तिच्या छावण्या पडल्या. खर्च वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास. हुकूम रेसिडेंटचा, पगार निजामाचा. अधिकारी भरपूर, भत्ते भरपूर. कंटिन्जंटच्या गोऱ्या अधिकाऱ्यांत एक चेष्टाच रूढ झाली होती की, बिचारा निझी सगळ्याचे पैसे भरतो.

म्हणजे निजाम आता दोन फौजांचा खर्च करत होता. एकीचे पैसे मुलूख देऊन चुकते केलेले. दुसरी तहात शांततेच्या काळासाठी नव्हतीच, पण तीच जास्त महाग.

सावकार आणि त्याचा जावई

चाळीस लाख दरसाल कुठून आणायचे? इथे हैदराबादच्या पामर अँड कंपनीचा प्रवेश होतो. विल्यम पामरचे वडील इंग्रज अधिकारी, आई फैज बक्ष बेगम. इंग्रज प्रजेने देशी राजांना कर्ज देऊ नये असा कायदा होता, पण १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने या पेढीला त्यातून सूट दिली. पेढीतला एक भागीदार, सर विल्यम रम्बोल्ड, हा हेस्टिंग्जच्याच पालित मुलीचा नवरा होता.

व्याज चोवीस-पंचवीस टक्के. कर्ज घ्यायचं कशासाठी, तर कंटिन्जंटचा पगार भागवण्यासाठी. फौजेवर हुकूम चालवणारे इंग्रज, आणि तिच्या पगारासाठी कर्ज देणारी पेढी इंग्रजांच्या आशीर्वादाची. १८२० मध्ये रेसिडेंट म्हणून चार्ल्स मेटकाफ आला आणि त्याने हे प्रकरण उघडं पाडलं. पेढी बुडाली. निजामाचं पेढीचं देणं भागवायला कंपनीने पैसा दिला, पण त्या बदल्यात उत्तर सरकार प्रांतासाठी कंपनी निजामाला दरवर्षी जी पेशकश देत असे, ती कायमची बंद झाली.

या पामरचा एक जावई होता. लिव्हरपूलचा फिलिप मेडोज टेलर. पोरवयात मुंबईला व्यापाऱ्याकडे नोकरीला आला, मग १८२४ मध्ये निजामाच्या सैन्यात शिरला. तरुणपणी आमच्याच भागात पोलिसाचं काम केलं. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही त्याची कादंबरी १८३९ मध्ये आली आणि विलायतेत गाजली. सासऱ्याच्या पेढीने ज्या फौजेसाठी कर्ज दिलं, त्याच फौजेच्या कर्जापायी गहाण पडलेल्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभारी म्हणून १८५३ मध्ये हा जावई आला. यात कसलाही कट नव्हता. निजामाच्या राज्यात ‘संरक्षण’ हा धंदा किती थोड्या घरांत फिरत होता, एवढंच यातून दिसतं.

डलहौसीने स्वतःच लिहून ठेवलं

आता १८५३ कडे येऊ. कंटिन्जंटचा पगार थकला की कंपनी आपल्या तिजोरीतून भरायची आणि निजामाच्या नावावर मांडायची. ती रक्कम चाळीस लाखांच्या वर गेली. निजामाचं म्हणणं असं की सिकंदराबाद आणि जालन्याच्या छावण्यांमधलं अबकारी उत्पन्न माझं असताना इतकी वर्षं तुम्ही घेतलंत, तेही हिशेबात धरा. ते धरलं गेलं नाही.

गव्हर्नर जनरल डलहौसीने कर्नल लो याला नवा तह घेऊन पाठवलं. आणि इथे मला सगळ्यात चकित करणारी गोष्ट येते. डलहौसीने मार्च १८५३च्या आपल्या टिपणात साफ लिहिलं होतं की १८००च्या तहाच्या बाराव्या कलमामुळे निजामावर शांततेच्या काळात ही फौज पोसायचं बंधन होतं, असं प्रामाणिक माणूस म्हणून मला सांगता येणार नाही. म्हणजे ज्या कर्जापायी जिल्हे घ्यायचे, त्या कर्जाचा पायाच कच्चा आहे हे घेणाऱ्याला ठाऊक होतं. तरी जिल्हे घेतले.

निजाम लोला म्हणाला होता की राजाला दोन गोष्टी लाजिरवाण्या असतात. एक, वाडवडिलांची जमीन दुसऱ्याला देणं. दुसरी, इमानी सैनिकांना घरी बसवणं. आणि तुम्ही मला नेमक्या याच दोनपैकी एक निवडायला सांगताय. तो अडून बसला. मग असिस्टंट रेसिडेंट डेव्हिडसनने दिवाण सिराजुल्मुल्कला पत्र लिहून सूचित केलं की पुण्याकडून फौजा हलायची तयारी आहे. तहावर मोहोर उठली. त्यानंतर आठवड्याच्या आत सिराजुल्मुल्क वारला आणि त्याचा चोवीस वर्षांचा पुतण्या सालारजंग दिवाण झाला.

नव्या तहाप्रमाणे कंटिन्जंट आता उघडपणे कंपनीची फौज झाली. किमान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ, चार तोफखाने. खर्च गहाण मुलखाच्या उत्पन्नातून. वरकड उरली तर निजामाला.

आणि रयत? तिला कोणी विचारलं नाही. काल चौकीवर निजामाचा माणूस होता, आज टेलर साहेब. टेलर माणूस म्हणून वाईट नव्हता, त्याने कारभार मनापासून केला. नळदुर्गचा किल्ला, बोरी नदीच्या बंधाऱ्यात बांधलेला पाणीमहाल त्याच्या डोक्यात इतका बसला की चांदबिबीवरच्या त्याच्या ‘अ नोबल क्वीन’मध्ये नळदुर्ग आलं, तर ‘तारा’मध्ये तुळजापूर. पण कारभारी चांगला असल्याने गहाणखत चांगलं ठरत नाही. आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी ज्वारी विकून भरलेला सारा अंबाजोगाई नि हिंगोलीच्या छावण्यांतल्या पगारात जात होता, आणि त्या छावण्या कोणापासून कोणाचं रक्षण करत होत्या याचं सरळ उत्तर कोणाकडे नव्हतं.

परीक्षेची वेळ १८५७ मध्ये आली. टेलरला नळदुर्गहून वऱ्हाडात बुलढाण्याला धाडलं. त्या वेळी रेसिडेंट होता तोच डेव्हिडसन. त्याने टेलरला कळवलं की द्यायला माझ्याकडे सैन्य नाही, जमेल तसा टिकाव धर. ज्या फौजेपायी जिल्हे गहाण पडले, ती फौज त्या जिल्ह्यांसाठी शिल्लक नव्हती. तिचा मोठा भाग मध्य भारतात इंग्रजांसाठी लढायला गेला.

बक्षिसी आणि बुडालेला हिशेब

सत्तावन्नच्या धामधुमीत सालारजंगाने हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने धरून ठेवलं. जुलैमध्ये तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला, तो मोडून काढला गेला. या निष्ठेची बक्षिसी म्हणून २६ डिसेंबर १८६०च्या तहाने धाराशिव आणि रायचूर दुआब निजामाला परत मिळाले, सुरापूर मिळालं, पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं. वऱ्हाड मात्र ठेवून घेतलं.

त्याच वर्षी डेव्हिडसनने सरकारला लिहिलेलं एक पत्र आहे. दोन्ही सरकारांची देणीघेणी निष्पक्षपणे तपासली असती, तर निजामाकडे आपलं न्याय्य असं काही येणं नव्हतंच, असं तो त्यात कबूल करतो. धमकीचं पत्र लिहिणाऱ्याच हाताने सात वर्षांनी हे लिहिलं. म्हणजे सात वर्षं आमचा जिल्हा नसलेल्या कर्जापायी गहाण होता.

पण तहातली खरी मेख वेगळीच होती. गहाण मुलखाच्या जमाखर्चाचा हिशेब मागायचा हक्क निजामाने मागचाही आणि पुढचाही सोडून द्यायचा, असं त्यात लिहिलं होतं. कर्जमाफी मिळाली ती हिशेब न विचारण्याच्या अटीवर. वऱ्हाड नंतर कधीच परत आलं नाही. १९०२ मध्ये कर्झनने पंचवीस लाख सालाना भाड्यावर ते कायमचं घेतलं.

यार-ए-वफादार

पहिल्या महायुद्धात मीर उस्मान अली खानाने इंग्रजांना भरभरून पैसा दिला. १९१८ मध्ये त्याला ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र’, फारसीत ‘यार-ए-वफादार’, हा किताब मिळाला. ऑगस्ट १९४७ मध्ये मित्र बोटीत बसून निघून गेला. दीडशे वर्षांचे तह एका दिवसात रद्दी झाले. मुलूख देऊन, जिल्हे गहाण टाकून, पैसे भरून जे संरक्षण विकत घेतलं होतं, ते देणारं दुकानच उठलं. खर्ड्यानंतर निजामाच्या घराण्यावर हा प्रसंग दुसऱ्यांदा आला होता.

२९ नोव्हेंबर १९४७ला निजामाने भारताशी वर्षभराचा जैसे थे करार केला. तो टिकला नाही. रझाकारांचे अत्याचार, सीमेवरच्या चकमकी, सोलापूरकडे पळून गेलेली माणसं, हे सगळं या वर्षाचंच. १३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून आत शिरलं आणि पहिल्याच झटक्यात नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला. हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. पाचव्या दिवशी निजाम शरण आला.

आम्ही १७ सप्टेंबरला मुक्तिदिन साजरा करतो, आणि करायलाच हवा. पण त्यानंतरच्या आठवड्यांत जे झालं तेही याच जिल्ह्यात झालं. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घातलं. आधी रझाकारांनी मारलेले आणि नंतर सूड म्हणून मारलेले मुसलमान, दोघांपैकी कोणाचंच संरक्षण कुठल्या तहात लिहिलेलं नव्हतं. तह सरकारं वाचवण्यासाठी होते.

कंटिन्जंटचं काय झालं, असं विचाराल तर ती १९०३ मध्ये इंग्रजांच्या भारतीय लष्करात मिसळून गेली. तिच्या पायदळातून पुढे हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ मध्ये तिचंच नाव बदलून कुमाऊं रेजिमेंट झालं. पहिलं परमवीर चक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा याच कुमाऊंच्या चौथ्या बटालियनचे. सैनिक वाईट नव्हतेच कधी. प्रश्न त्यांच्या पगाराच्या कागदाचा होता.

हे आज का वाचायचं

फोनवर बातमी येते की अमुक देशाची तमुक देशाशी ‘सामरिक भागीदारी’ झाली. आपण पुढे सरकवतो. युरोपीय संघ आणि चीन यांनी २००३ मध्ये ‘सर्वंकष सामरिक भागीदारी’ जाहीर केली. २०१९ मध्ये त्याच युरोपीय संघाने चीनला एकाच कागदात भागीदारही म्हटलं, स्पर्धकही आणि व्यवस्थात्मक प्रतिस्पर्धीही. सर्बियात बेलग्रेडच्या रस्त्यांवर २०१९ मध्ये चिनी पोलीस स्थानिक पोलिसांसोबत गस्त घालताना दिसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये हंगेरीने चीनशी सुरक्षा सहकार्याचा करार केला. त्याआधी बुडापेस्ट-बेलग्रेड रेल्वेसाठी चीनचं कर्ज घेतलं होतं, आणि त्या प्रकल्पाच्या कराराचे तपशील हंगेरीने २०२० मध्ये कायदा करून दहा वर्षांसाठी गुप्त ठेवले.

हंगेरी म्हणजे हैदराबाद नव्हे आणि चीन म्हणजे कंपनी सरकार नव्हे. हंगेरी स्वतः युरोपीय संघात आहे, नाटोत आहे, तिथे निवडणुका होतात. तुलना तिथवर ताणू नये. पण नळदुर्गच्या माणसाला एक खोड लागलेली असते. करारातलं मैत्रीचं कलम तो शेवटी वाचतो. आधी बघतो फौज कोणाच्या हुकमात आहे, बिल कोण भरतं, थकलं तर काय गहाण पडतं, आणि हिशेब मागायचा हक्क कोणाकडे राहतो.

१७९८ च्या तहात मैत्रीबद्दल भरपूर गोड मजकूर होता. १८६० च्या तहातही होता. हिशेबाचं कलम तेवढं एका बाजूने लिहिलेलं होतं.